एकच प्याला, सगळ्यांची तालीम : नाशिकच्या समावेशक नाटकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये आम्ही काही जण मिळून जुनी मराठी नाटकं नव्याने बसवतो. गटात दृष्टिहीन, बधिर, चाकाच्या खुर्चीवर वावरणारे, बौद्धिक अक्षमता असलेले आणि यांपैकी काहीच नसलेले असे सगळे कलाकार आहेत. याआधी आम्ही किर्लोस्करांच्या 'सौभद्र'मधले काही प्रवेश केले. सध्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'च्या तालमी आणि प्रयोग चालू आहेत. फोनवर, तालमीच्या दारात आणि प्रयोगानंतर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ती आम्हाला तालमीत खूप वाद घालून सापडली.

हे दिव्यांगांचं नाटक आहे का?

नाही, हे 'एकच प्याला' आहे. त्यात काम करणारे काही जण दिव्यांग आहेत, काही नाहीत. तालीम सगळ्यांची एकत्र होते आणि पाठांतर झालं नाही तर बोलणीही सगळ्यांना सारखीच बसतात. आमची एकच अट आहे. कलाकाराचं शरीर जसं आहे तसं धरून नाटक बसवायचं. बधिर अभिनेत्री ऐकू येत असल्याचं नाटक करणार नाही आणि दिसत नसलेला नट दिसत असल्यासारखा वावरणार नाही. मग हालचाली, नेपथ्य, प्रकाशयोजना, संवादांचा वेग हे सगळं त्याप्रमाणे पहिल्या वाचनापासून ठरत जातं. नाटक आधी बसवून मग दिव्यांग कलाकाराला त्यात 'सामावून घ्यायचं' असं आम्ही सुरुवातीला करून पाहिलं होतं. ते जमलं नाही. प्रत्येक ठिकाणी ठिगळ दिसत होतं.

जुनीच नाटकं का? दिव्यांगांच्या आयुष्यावर नवीन नाटक का लिहीत नाही?

लिहायला हवंच, आणि लिहिणारे आहेत. पण आमच्या गटातली एक दृष्टिहीन मुलगी लहानपणापासून आकाशवाणीवर नाट्यसंगीत ऐकत मोठी झाली. 'सौभद्र'ची पदं तिला तोंडपाठ आहेत. तिला सुभद्रा करायची होती. आजवर तिला विचारलं गेलं ते फक्त आंधळ्या मुलीच्या भूमिकेसाठी, तीही दोन वाक्यांची. आमचं काम खरं म्हणजे तिच्या या इच्छेपासून सुरू झालं.

दुसरं कारण आम्हाला तालमीत कळलं. पाठ असलेलं नाटकही वेगळं शरीर रंगमंचावर आलं की वेगळं वाचता येतं. 'सौभद्र' १८८२ सालचं. त्यात अर्जुन संन्याशाच्या वेषात येतो आणि सुभद्रेला त्याची सेवा करावी लागते. भगवी वस्त्रं, दंड, दाढी, सगळा आहार्याचा, म्हणजे वेषभूषेचा खेळ. पण सुभद्रा दृष्टिहीन असेल तर? तिच्यासाठी दाढीला काय किंमत? पहिल्या वाक्याला ती आवाज ओळखणार. ही अडचण आमच्याच मुलीने वाचनाच्या दुसऱ्या दिवशी काढली आणि उत्तरही तिनेच दिलं : "मला कळलेलं असतं. मी फक्त सांगत नाही." सगळा प्रवेश त्या एका वाक्याने उलटा झाला. वेष घेतलेला अर्जुनच फसलेला आणि सुभद्रा त्याची गंमत बघतेय. किर्लोस्करांचा एक शब्द बदलावा लागला नाही. प्रेक्षक तिच्याबरोबर हसत होते.

'एकच प्याला'च का निवडलं? सिंधू बधिर आहे म्हणजे नेमकं काय बदललं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगते.

'एकच प्याला' १९१९ साली रंगमंचावर आलं. त्याच वर्षीच्या जानेवारीत गडकरी गेले, त्यांना त्याचा प्रयोग पाहायला मिळाला नाही. सुधाकर हा हुशार वकील, सनद काही काळ रद्द होते, अपमान गिळवत नाही, तळीराम पहिला प्याला पुढे करतो आणि घर धुळीला मिळतं. सिंधू शेवटपर्यंत नवऱ्याविरुद्ध अवाक्षर काढत नाही. तिचं हे सोसणं शंभर वर्षं गौरवलं गेलं आणि आजच्या मुलींना ते सहन होत नाही. वाचनाच्या वेळी आमच्या गटातही दोन तट पडले होते.

आमची सिंधू जन्मापासून बधिर आहे आणि भारतीय सांकेतिक भाषेत बोलते. सुधाकरही तिच्याशी खुणांनीच बोलतो. सुरुवातीच्या प्रवेशात त्यांचं प्रेम त्या खुणांतून दिसतं. दिव्याजवळ समोरासमोर बसून दोघं बोलतात. मग दारू येते, आणि सुधाकर मान फिरवतो. एवढंच. ऐकू येणारी बायको नवऱ्याच्या पाठीमागूनही ओरडू शकते. बधिर बायकोला त्याचे डोळे लागतात. त्याने डोळे मिटले की तिचं बोलणंच संपलं. सिंधू गप्प बसलेली नाही, ती शेवटपर्यंत बोलते आहे. तिच्याकडे कोणी बघत नाही.

पुढे दळणाचा प्रवेश येतो. हालाखीत सिंधू लोकांची दळणं दळून संसार चालवते. तालमीत आमच्या सिंधूने जात्याचा खुंटा धरला आणि एका जागी थांबली. म्हणाली, आता मी बोलू कशी? दोन्ही हात जात्यावर आहेत. आम्ही सगळे गप्प झालो. कष्टाने तिची भाषा काढून घेतली होती. तिला एक वाक्य बोलायचं तर जातं थांबवावं लागतं, आणि जातं थांबलं तर पोराच्या तोंडात घास नाही. मूल कडेवर असतं तेव्हाही तिचा एकच हात मोकळा, म्हणजे अर्धीच भाषा. हे आम्ही कोणी ठरवून बसवलेलं नाही. गडकऱ्यांनी लिहिलेल्या कृती होत्या तशाच आहेत. मी हे नाटक किती वेळा वाचलं असेल, पण जातं थांबलं की काय होतं ते मला त्या दिवशीपर्यंत दिसलं नव्हतं.

संवाद हा मराठी नाटकाचा प्राण. बोलता न येणारा कलाकार नाटक कसं करणार?

भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनय चार प्रकारचा सांगितला आहे : आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेषाचा) आणि सात्त्विक (भावाचा). बोलणं हा त्यातला एक. आंगिकामध्ये भरताने एका हाताच्या चोवीस मुद्रा वेगळ्या काढून दाखवल्या आहेत. मराठी रंगभूमी संवादफेकीवर वाढली, तिचं मोठेपण त्यात आहेच, पण त्यामुळे बाकीचे तीन आपण थोडे मागे टाकले असं मला वाटतं.

आणि सांकेतिक भाषा म्हणजे मुद्रा किंवा मूकाभिनय नव्हे. ती पूर्ण भाषा आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे. प्रश्नार्थक शब्द तिच्यात वाक्याच्या शेवटी येतो, भुवया आणि चेहरा हेही व्याकरणाचाच भाग असतात. म्हणून शब्दाला शब्द ठेवून मराठी संवाद खुणांत उतरत नाही.

सगळ्यात कस लागला तो कोट्यांचा. तळीरामाच्या आणि त्याच्या मद्यपी मंडळाच्या तोंडी गडकऱ्यांनी शब्दांचे खेळ ठासून भरले आहेत. मराठीत कोटी होते ती दोन शब्द सारखे ऐकू येतात म्हणून. हातांच्या भाषेत त्याला काही अर्थ नाही. तिथे दोन खुणा सारख्या दिसायला हव्यात : हाताचा आकार तोच, फक्त हालचाल वेगळी. बधिर कलाकारांनी दोन आठवडे बसून गडकऱ्यांच्या कोट्यांच्या जागी स्वतःच्या दृश्य कोट्या बांधल्या. काही ठिकाणी ऐकू येणारे आणि बधिर प्रेक्षक वेगवेगळ्या क्षणी हसतात. मला ते फार आवडतं.

ज्यांना खुणा कळत नाहीत त्यांच्यासाठी सिंधूचे संवाद एक नटी बाजूला उभी राहून बोलते. ती लपलेली नसते. नऊवारीत, सिंधूच्याच रंगाच्या लुगड्यात, रंगमंचावर तिच्याबरोबर वावरते.

मग संगीत नाटकातल्या पदांचं काय?

पदं आहेत. गायिका आणि साथीदार प्रेक्षकांना दिसतील असे एका अंगाला बसतात. सिंधू पद खुणांतून मांडते, अर्थाप्रमाणे, लयीत. लय तिला कशी मिळते याचं उत्तर नाशिककरांना आवडेल. आम्ही तबल्याखेरीज एक ढोल ठेवला आहे, आपला मिरवणुकीतला नाशिक ढोल. त्याचा खर्ज लाकडी रंगमंचाच्या फळ्यांतून तळपायाला जाणवतो. हळू वाजवला तर प्रेक्षकांना जेमतेम ऐकू येतो, पण अनवाणी उभ्या असलेल्या बधिर कलाकाराला समेची जागा नेमकी कळते. फरशीच्या किंवा सिमेंटच्या रंगमंचावर हे चालत नाही. तिथे वादकाने नजरेसमोर बसून हाताने ताल धरावा लागतो.

बधिर कलाकाराला एंट्री कशी समजते?

विंगेत एक छोटा दिवा असतो, तो पेटला की एंट्री. समोरच्या कलाकाराच्या ठरलेल्या हालचालीवरूनही काही एंट्र्या बांधल्या आहेत. आम्ही एक गोष्ट मात्र पूर्ण सोडली : प्रवेश संपताना होणारा मिट्ट काळोख. अंधारात बधिर कलाकार सहकाऱ्यांपासून तुटतो. त्यामुळे आमचे प्रवेश मंद निळ्या उजेडात बदलतात.

दृष्टिहीन कलाकार रंगमंचावर पडत नाहीत का?

आजवर पडलेलं कोणी नाही. एकदा एक डोळस नट पडला, कारण तो लेव्हलकडे, म्हणजे रंगमंचावरच्या उंचवट्याकडे, न बघता मागे सरकला.

तयारी अशी असते. नेपथ्याची पुठ्ठ्याची छोटी प्रतिकृती पहिल्या आठवड्यातच तयार होते. कलाकार ती बोटांनी वाचतात. मग तालमीच्या जागेत खऱ्या मापाने खुर्च्या, बाज, जातं मांडून पावलं मोजायची. जमिनीला वेगवेगळे पोत दिलेले असतात. सुधाकराच्या दिवाणखान्यात सतरंजी, स्वयंपाकघराकडे गोणपाट, आणि रंगमंचाच्या पुढच्या कडेपासून तीन फूट अलीकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत काथ्याची जाड पट्टी. पायाला काथ्या लागला की पुढे जायचं नाही. एक्झिटच्या विंगेत छोटा टेबलफॅन लावतो, वाऱ्याच्या दिशेने बाहेर पडता येतं. सहकलाकारांनी संवादाच्या आधी पाऊल वाजवायचं किंवा बांगड्या, किल्ल्या, काठी, काहीतरी नैसर्गिक आवाज करायचा.

सगळ्यांनी पाळायचा एक कडक नियम आहे. मांडलेली वस्तू कोणीही एक इंचभरसुद्धा हलवायची नाही. चहाचा कप रंगमंचाच्या वाटेत ठेवला तर मी खरोखर चिडते.

प्रत्येक नाट्यगृहाचा रंगमंच वेगळ्या मापाचा असतो, विंगा वेगळ्या असतात. म्हणून प्रयोगाच्या दिवशी रंगमंच निदान तीन तास आधी मोकळा मिळावा लागतो. पावलं पुन्हा मोजायची असतात. आधीच्या सत्रातलं नाटक लांबलं की तो वेळ आमच्या वाट्याचा जातो. ते आम्ही बुकिंग करतानाच बोलून घेतो.

दारूचा प्याला पुढे करणारा तळीराम चाकाच्या खुर्चीवर दाखवलाय. हा दिव्यांगांचा अपमान नाही का?

एका काकांनी हा प्रश्न प्रयोगानंतर अगदी तळमळीने विचारला होता, म्हणून मनापासून उत्तर देते. त्या नटाला आम्ही रामलाल देऊ केला होता, सुधाकराचा सज्जन मित्र. त्याने नाही म्हटलं. त्याचं म्हणणं असं की आयुष्यभर त्याला सज्जन, सोशिक आणि बिचारा म्हणूनच पाहिलं गेलंय, निदान रंगमंचावर तरी त्याला लबाड होऊ द्या. तळीराम गोड बोलतो, कोट्या करतो, हसवतो आणि माणूस बुडवतो. चाकाच्या खुर्चीतला माणूस निरुपद्रवी असतो अशी प्रेक्षकाची सवय असते. त्या सवयीमुळे तो बेसावध होतो, जसा सुधाकर होतो. तळीराम त्याच्याजवळ खुर्ची सरकवत नेतो तो आवाज आम्ही मुद्दाम ठेवलाय. चाकांना तेल घालत नाही.

पाठांतर न होणाऱ्या कलाकारांचं काय?

बौद्धिक अक्षमता असलेल्या आमच्या दोन कलाकारांना लांब संवाद पाठ होत नाहीत. छोटे होतात आणि ते कधीच विसरत नाहीत. मराठी रंगभूमीवर विंगेतून आठवण करून देणारा प्रॉम्प्टर पहिल्यापासून आहे. आम्ही त्याला विंगेतून बाहेर आणलं. आमच्या नाटकात तो घरचा जुना कारकून आहे, हातात वही घेऊन बसतो आणि उघडपणे वाक्य सुचवतो. कधीकधी सुधाकरालाही सुचवतो.

पेरूमधल्या तेआत्रो ला प्लासा या संस्थेने डाउन सिंड्रोम असलेल्या कलाकारांना घेऊन 'हॅम्लेट' केलं आणि ते जगभर फिरलं. 'असावं की नसावं' हा प्रश्न ज्यांच्या जन्मावरच लोकांनी विचारलेला असतो त्यांच्या तोंडी तो आला की नुसता काव्यात्म राहत नाही.

असं मराठीत आधी कोणी केलं आहे का?

केलं आहे, आणि आम्ही त्यांच्याच वाटेवर आहोत. स्वागत थोरात यांनी दृष्टिहीन कलाकारांना घेऊन अनेक वर्षं काम केलं. कालिदासाच्या 'मेघदूता'वर आधारलेलं 'अपूर्व मेघदूत' हे त्यांनी दृष्टिहीन कलाकारांसह उभं केलेलं नाटक. 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल लिपीतलं मराठी पाक्षिकही त्यांनी २००८ साली सुरू केलं. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयातर्फे दिव्यांग बालनाट्य स्पर्धा होते, तिथून आलेली मुलं आता मोठी झाली आहेत आणि त्यांना मोठ्यांच्या नाटकात काम हवं आहे.

बाहेर बघायचं तर ब्रिटनमध्ये दिव्यांग कलाकारांची ग्रेआय ही संस्था १९८० पासून आहे. अमेरिकेत नॅशनल थिएटर ऑफ द डेफ १९६७ मध्ये सुरू झालं. लॉस एंजलिसच्या डेफ वेस्टने बधिर आणि ऐकू येणाऱ्या कलाकारांची एकत्र संगीतकं केली आणि ती ब्रॉडवेपर्यंत नेली. शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड जन्मतः वेगळ्या शरीराचा आहे. चारशे वर्षं बहुतेक नट पाठीवर उशी बांधून तो करत आले. २०२२ साली रॉयल शेक्सपिअर कंपनीने ती भूमिका आर्थर ह्यूज या दिव्यांग नटाला दिली. त्या कंपनीत हे पहिल्यांदाच घडलं.

दिव्यांग नसलेल्या नटाने दिव्यांगाची भूमिका केली तर तुमचा विरोध आहे का?

अभिनय म्हणजे दुसऱ्याच्या कातडीत शिरणं, हे मला मान्य आहे. पण ही वाट आजवर एकाच बाजूने चालू आहे. डोळस नट धृतराष्ट्र करतो, दृष्टिहीन नटाला अर्जुन कोणी देत नाही. आधी दुसरी बाजू थोडी वाहती होऊ दे, मग या प्रश्नावर निवांत बोलता येईल.

नाशिकमध्येच असताना 'नटसम्राट' का करत नाही?

तात्यासाहेब शिरवाडकरांच्या गावात हा प्रश्न येणारच. करायचं आहे, मनात आहे. 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग डिसेंबर १९७० मधला. मुलांच्या घरात जागा न उरलेला म्हातारा नट चाकाच्या खुर्चीवर असेल तर प्रत्येक घराचा उंबरठा आणि पायरी हीच त्याची लढाई होईल, असा विचार आमच्या एका कलाकाराने मांडला आहे. तो तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

पण इथे हक्कांचा भाग येतो. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. शिरवाडकर १९९९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या नाटकांसाठी रीतसर लेखी परवानगी हवी. आपल्या नाशिकच्याच वसंत कानेटकरांच्या नाटकांचंही तेच. किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर यांची नाटकं आता सर्वांसाठी खुली आहेत, म्हणून सुरुवात तिथून केली. २०१२ च्या दुरुस्तीमुळे दिव्यांग व्यक्तींच्या वापरासाठी ब्रेल किंवा ध्वनिरूपात संहिता तयार करायला कायद्यात सूट आहे. पण ती सूट वाचण्यापुरती, प्रयोगाची परवानगी त्यात येत नाही.

जुनं नाटक असलं तरी आपण संपादित केलेली संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यायचं. हे काम तालमीच्या मध्यावरच सुरू करा. शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नका.

तालमीची जागा आणि नाट्यगृह यांत काय पाहता?

एक गोष्ट सांगते. आमची पहिली जागा दुसऱ्या मजल्यावर होती, लिफ्ट नव्हती. आमच्या तळीरामाला रोज चौघं जण खुर्चीसकट उचलून वर नेत. आम्हाला वाटायचं, किती छान एकी आहे. महिन्याभराने तो म्हणाला, "तुम्ही मला वर नेता तेवढा वेळ मी सामान असतो." त्याच आठवड्यात आम्ही तळमजल्यावर आलो. जागा लहान आहे, पावसाळ्यात ओल येते, पण सगळे आपापले आत येतात. हे आम्हाला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं, आणि ते त्याला बोलून दाखवावं लागलं याचं मला अजून वाईट वाटतं.

नाट्यगृहात प्रेक्षागृहाला उतार असतो, पण रंगमंच आणि रंगपटाकडे जायला बहुतेक ठिकाणी पायऱ्याच. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस प्रेक्षक म्हणून येईल एवढा विचार झालेला असतो, तो नट म्हणून येईल असा नाही. जागा पाहायला जाताना टेप घेऊन जा. उताराला एक फूट उंचीमागे बारा फूट लांबी हवी, दाराची मोकळी रुंदी तीन फुटांच्या आसपास, खुर्ची वळायला पाच फुटांचं वर्तुळ. आणि स्वच्छतागृह स्वतःच्या डोळ्यांनी बघा, 'आहे' या उत्तरावर जाऊ नका.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. त्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद आहे, १९९५ च्या कायद्यात ते सात होते. त्याचं कलम २९ सांस्कृतिक जीवनाबद्दल आहे. दिव्यांग कलाकार आणि लेखकांना सुविधा, पाठबळ आणि प्रायोजकत्व देणं, कला सर्वांपर्यंत पोहोचेल अशी करणं, हे त्यात लिहिलेलं आहे. नाट्यगृहाशी किंवा कार्यालयात बोलायला जाताना या कलमाची प्रत बरोबर ठेवा. विनंती आणि हक्क यांत बोलण्याचा सूर बदलतो.

मला काम करायचं आहे. प्रमाणपत्र लागतं का? अनुभव हवा का?

दोन्ही नको. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, आम्ही कोणालाही मागत नाही. या, एक आठवडा आमच्याबरोबर तालमीत बसा. खेळ, श्वास, आवाज, हालचाल यांत सहभागी व्हा. भूमिका त्यानंतर ठरतात, आणि प्रत्येकाला हवी ती मिळतेच असं नाही. आवाज पोहोचत नसेल, वेळा पाळल्या जात नसतील तर मी सांगते. दिव्यांग कलाकाराला चूक न सांगणं म्हणजे त्याला कलाकार न मानणं, असं आमच्या गटातल्याच एकाने मला सुनावलेलं आहे.

माझी मुलगी विशेष शाळेत जाते. तिला झेपेल का?

तिला विचारलंत का? हे रागाने म्हणत नाही. आईवडिलांची काळजी खरी असते, रात्री उशिरा सिडकोहून किंवा सातपूरहून ने-आण करणं सोपं नसतं. म्हणून तालीम संध्याकाळी साडेसहाला सुरू करून साडेआठला संपवतो. पहिले दोन दिवस तुम्ही बसा, नंतर बाहेर थांबा. बहुतेक मुली तिसऱ्या दिवशी आईला स्वतःच बाहेर पाठवतात.

मानधन मिळतं का?

हो, सगळ्यांना सारखं. तिकीटविक्रीतून जे उरेल ते. प्रवासखर्च मात्र गरजेप्रमाणे वेगळा, कारण बसने येणाऱ्याचा आणि रिक्षाशिवाय येऊ न शकणाऱ्याचा खर्च सारखा नसतो. सांकेतिक भाषेच्या दुभाष्याला तालमीच्या प्रत्येक दिवसाचे पैसे देतो. दुभाषी फक्त प्रयोगाला बोलावला तर बधिर कलाकार दोन महिने दिग्दर्शकाचा चेहरा बघून अंदाज बांधत बसतो.

दिव्यांग, अपंग, विकलांग, कर्णबधिर : काय म्हणायचं?

सरकारी कागदांत दिव्यांग. गटात कोणाला अपंग शब्द आवडतो, कोणाला दिव्यांग अजिबात आवडत नाही. आमची सिंधू स्वतःला बधिर म्हणवते. नाव विचारा आणि नावाने हाक मारा.

मी दृष्टिहीन प्रेक्षक आहे. मला नाटक समजेल का?

प्रयोगाच्या एक तास आधी या. रंगमंचावर स्पर्शफेरी असते. जातं, बाज, सुधाकराची पगडी, सिंधूचं लुगडं हाताळून बघता येतं, कलाकार आपापल्या आवाजात ओळख करून देतात. नाटक चालू असताना मोबाइल आणि इअरफोनवर हालचालींचं मराठीत थोडक्यात वर्णन ऐकू येतं, संवादांच्या मधल्या जागेत. बधिर प्रेक्षकांसाठी मराठी उपशीर्षकं वर दिसतात, आणि तिन्ही घंटांबरोबर सभागृहातले दिवेही मिचकावतो. घंटा सगळ्यांना ऐकू येते असं कोण म्हणालं?

आवाज किंवा काळोख सोसत नसलेल्या मुलांसाठी एक प्रयोग सौम्य ठेवतो. सभागृहात थोडा उजेड, ढोल बंद, मध्येच उठून बाहेर जाऊन परत यायला मोकळीक.

३ डिसेंबरला आमच्या कार्यक्रमात एक प्रवेश कराल का?

जागतिक दिव्यांग दिनाची आमंत्रणं खूप येतात. मनापासून आभार, पण पूर्ण नाटकाचा प्रयोग लावणार असाल तरच येतो, आणि तो जून किंवा फेब्रुवारीत लावलात तर जास्त आनंद होईल. सत्कार, शाल, 'जिद्दीला सलाम' असे फलक नकोत. वर्तमानपत्रात लिहिणाऱ्यांनाही एक विनंती : दुसरा अंक संथ झाला असेल तर तसं लिहा. पहिल्या प्रयोगानंतर आमच्याबद्दल सगळीकडे प्रेरणादायी एवढंच छापून आलं. सुधाकराचं काम करणाऱ्या नटाने वर्षभर ज्या प्रवेशावर घाम गाळला, त्याबद्दल एक ओळ नव्हती.

सिन्नर, निफाड, मालेगावला असा गट सुरू करायचा तर?

पाच माणसं आणि तळमजल्यावरची एक खोली मिळाली तर सुरू करा. पूर्ण नाटक घेऊ नका, एक प्रवेश घ्या. पहिल्या वाचनाला दुभाषी हवाच. संहिता ब्रेलमध्ये नसेल तर गटातल्या कोणीतरी ती सावकाश वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, भावना न घालता. भावना घालून वाचलं तर ऐकणारा तीच नक्कल पाठ करतो.

प्रयोगानंतर कलाकारांना भेटता येतं का?

जरूर. टाळ्या वाजवाच, बधिर कलाकारांसाठी दोन्ही हात वर करून पंजे हलवा. दृष्टिहीन कलाकाराजवळ गेलात तर आधी नाव सांगा. चाकाच्या खुर्चीच्या दांड्याला हात लावू नका. आणि सिंधूला भेटायला आलात तर शेजारच्या दुभाष्याशी बोलू नका. तिच्या समोर, उजेडात उभे राहा. तिचं सांगून होईपर्यंत मान फिरवू नका.